धार

आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर एकशे बारा माणसं.
खोल्या चौतीस.
बाकीची पुण्यात, दुबईत,
काही तर खोली विकूनही ग्रुपमधून न निघालेली.
वर्तकनगरला पाणी किती वाजता आलं
हे त्यांना अजून कळायला हवं असतं.

अ‍ॅडमिन मी.
निवडणूक वगैरे झाली नाही.
नाईकवाडे गेले, तेराव्यानंतर त्यांच्या मुलानं
टाकीच्या खोलीची किल्ली माझ्या हातात दिली
आणि म्हणाला, ताई, ग्रुपही तुम्हीच बघा.

आईच्या प्लेटलेट्स उतरत चालल्या होत्या त्या रात्री
कळव्याला, हॉस्पिटलच्या पायरीवर बसून
मी चार ओळी टाकल्या. शुद्धलेखन न बघता.
पावणेतीनला एक मुलगा आला,
हेल्मेट न काढताच म्हणाला, कितवा मजला?
कोलशेतचा. कुणाच्या तरी मेव्हण्याचा मित्र.
त्याच्यामागे आणखी दोघं.
नाव विचारायचं राहूनच गेलं.

आई आता दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर लावते
आणि रोज सहाला ग्रुपवर कमळाचं चित्र टाकते.
पोरं हसतात. हसू देत.

मग तो फोटो.
उभी सायकल, सायकलवर दगडाचं चाक,
चाकाशी वाकलेला माणूस,
शेजारी कुल्फी खाणारं एक पोर.
खाली: सावधान, मुलं पळवणारा आपल्या भागात फिरतोय,
जास्तीत जास्त लोकांना पाठवा.

योगाच्या ग्रुपवरून आला होता.
कढईत तेल तापलेलं,
एका हातात मोहरीचा चमचा,
दुसऱ्या हाताचा अंगठा मोकळा.
वाचलं नाही, असं नाही. वाचलं.
सायकल ओळखीची वाटली, हेही खरं.
पण मोहरी तडतडेपर्यंत
माणूस विचार करून करून किती करणार.

नाक्यावर त्याला धरलं तेव्हा मी तिथं नव्हते.
व्हिडिओ पाहिला,
आवाज बंद करून, आई झोपली होती म्हणून.
पोर ओरडत होतं, तोंड उघडं, आवाज नाही.
त्याचंच पोर होतं ते.

दुसऱ्या दिवशी लिहिलं, वरील बातमी खोटी आहे.
जास्तीत जास्त लोकांना पाठवा
असं त्याखाली लिहायचं मला सुचलं नाही.
शिरसेकर काकूंनी उत्तर दिलं:
तरी काळजी घेतलेली बरी.
त्याला अकरा अंगठे.

हसन शिकलगार, राहणार मिरजेकडचा, उजवं मनगट मोडलेलं.
पेपरात दोन ओळी होत्या, त्यातून कळलं.
नऊ वर्षं तो आमच्या फाटकाशी यायचा
आणि मी वरून हाक मारायचे, ओ धारवाले.
माझी विळी, माझ्या सुऱ्या,
पुरणयंत्राची जाळीसुद्धा त्याच्या हाताखालून गेलेली.
पातं उन्हात धरून अंगठ्यानं बघायचा,
हलकेच, आडवा अंगठा फिरवून.
माझ्या अंगठ्याला ते कधी जमलं नाही.

मदतीचं आवाहनही मीच टाकलं.
संध्याकाळपर्यंत साडेसात हजार जमले.
पहिले पाचशे शिरसेकर काकूंचे.
दुबईहून एकानं विचारलं, कोण हा?
पैसे घेऊन गेले तर खोलीला कुलूप.
शेजारीण म्हणाली, गावाला गेले, फोन बंद ठेवलाय,
फोटो सगळीकडे गेलाय ना त्यांचा.

साडेसात हजार माझ्या खात्यात पडून आहेत.
दर महिन्याला कुणीतरी हिशेब विचारतं,
मी लिहिते, शिल्लक.

घरातली एक सुरी चालत नाही.
टोमॅटो कापला की चेचतो, रस ओट्यावरून खाली.
काल आई म्हणाली,
अगं, ग्रुपवर टाक की,
कुणाच्या तरी ओळखीत असेल एखादा धारवाला.

मी टाइप केलं.
धारवाला हवा आहे.
बघत बसले.
मग एकेक अक्षर पुसलं, मागून पुढे,
आणि टोमॅटो हातानंच कुस्करून आमटीत टाकला.